पाणी कुठं मुरतंय ते आधी बघा

"मी मूळचा साताऱ्याचा. सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये स्लाउला नोकरी करतो. कॉलेजात असताना बाबांच्या स्कूटरचं इंजिन उतरवून परत बसवायचो, त्यामुळे हातात पाना धरायची सवय आहे. गेली दोन वर्षं डोळ्यांसमोर एकच गाडी आहे, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, दोन सीटची, कापडी टपाची. आता घरापासून चाळीस मिनिटांवर एक विकायला आहे. १९९१ची, लाल, १.६ लिटरचं इंजिन, जपानहून आलेली, म्हणजे तिथल्या नावाने 'युनोस रोडस्टर'. मालक ३,२०० पौंड मागतो. इंजिन छान चालतं. 'मागच्या चाकांपुढे किंचित गंज आहे, बाकी काही नाही,' असं तो म्हणतो. माझ्याकडे सगळे मिळून ६,००० पौंड आहेत. घ्यावी का? घेतली तर काम कुठून सुरू करू? मे महिन्यात आई-बाबा येणार आहेत, तोवर बाबांना तिच्यातून फिरवायचं आहे. अजून चार महिने हातात आहेत. आणि पुढेमागे गाडी साताऱ्याला नेता येईल का?"
— सु. दे., स्लाउ

सु. दे., गाडी चांगली निवडलीत. घ्यायची की नाही, हे मात्र त्या "किंचित गंज" वर ठरेल, इंजिनावर नाही. या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांतलं जवळपास सगळं घराच्या अंगणात, साध्या पान्यांनी आणि बेताच्या पैशात दुरुस्त होतं. १९८९ ते १९९७ या काळात पहिल्या पिढीच्या चार लाखांहून जास्त गाड्या हिरोशिमातून बाहेर पडल्या. त्यामुळे नवे-जुने सुटे भाग ब्रिटनमध्ये सहज मिळतात. पत्रा सडलेला असला तर मात्र तुमच्या ६,००० पौंडांतले निम्मे वेल्डिंगवाल्याकडे जातील, तेही गाडी एक मैल नीट चालायच्या आत.

गंज तिथेच का येतो, हे नीट समजून घ्या. कापडी टपावर पडलेलं पाणी मागे घसरतं आणि टपाच्या मागच्या कडेला, कापडाखाली दडलेल्या पन्हळीत उतरतं. पन्हळीच्या दोन्ही टोकांना, सीटबेल्टच्या खांबांमागे, एकेक भोक आहे. तिथून नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या पुढे गाडीच्या पोटाखाली पाणी सोडते. पानं, धूळ आणि कापडाचे तंतू साठून नळी तुंबली की पन्हळ भरून वाहू लागते. कौलारू घराची पन्हळ तुंबल्यावर भिंत ओली होते, तसंच. ते पाणी सीटमागच्या गालिच्यात आणि सिलच्या पोकळीत उतरतं. सिल म्हणजे दाराखालची आडवी पोकळ तुळई. पक्कं छत नसलेल्या गाडीचा बराचसा ताठपणा तिच्यावरच अवलंबून असतो. त्यात हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर टाकलेलं मीठ मागचं चाक बाहेरून त्याच जागी उडवतं. बाहेर रंगावर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झालेला असतो. म्हणून या जागचा गंज किंचित आहे, हे बाहेरून बघून कुणीच सांगू शकत नाही.

जाण्याआधी घरबसल्या एक काम करा. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की २००५पासूनच्या एमओटी तपासण्यांचा (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का, याची इथली सक्तीची वार्षिक तपासणी) इतिहास फुकट दिसतो. गंजाचे शेरे कोणत्या वर्षी सुरू झाले, कोणत्या बाजूला, आणि पुढच्या वर्षी ते अचानक नाहीसे झाले का, हे बघा. शेरा नाहीसा झाला असेल तर त्या वर्षी वेल्डिंग झालं असणार. त्याचं बिल आणि फोटो मागा. दोन्ही नसतील तर सडक्या पत्र्यावर नुसतं नवं झाकण चढवलं असण्याची शक्यता धरून चाला. युनोसचा मीटर मुळात किलोमीटरचा असतो आणि इथे आल्यावर बऱ्याच गाड्यांचा मैलांचा करून घेतात. त्यामुळे त्या इतिहासात नोंदलेल्या अंतराच्या आकड्यांत एखादी विचित्र उडी दिसली तर लगेच फसवणूक समजू नका, पण खुलासा विचारा.

बघायला जाताना फ्रिजवरचं चुंबक, मऊ फडकं, टॉर्च, छोटा आरसा आणि पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली न्या. चुंबक फडक्यात गुंडाळून दाराच्या मागच्या कडेपासून मागच्या चाकापर्यंतच्या सिलवर फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे आत पुट्टी भरलेली आहे. मग खाली बसून सिलच्या खालच्या कडेमागे अंगठा घाला आणि दाबत जा. चांगला पत्रा दाद देत नाही, सडलेला कुरकुरतो. सीट पुढे सरकवून मागचा गालिचा तळहाताने दाबा. हात ओला झाला तर नळ्या तुंबलेल्या आहेत. शेवटी मालकाला विचारून टपाची मागची कड उचला आणि प्रत्येक बाजूच्या भोकात थोडं थोडं पाणी सोडा. काही सेकंदांत ते चाकापुढे खाली टपकायला हवं. आलंच नाही तर तिथेच थांबा, कारण ते पाणी सिलमध्ये जातंय. आलं पण विटकरी रंगाचं आलं, तर आतला गंज मालक सांगतो त्याहून जुना आहे.

याशिवाय पुढच्या मडगार्डची खालची, दाराजवळची टोकं बघा. तिथे आतून पानं आणि चिखल साठतो. डिकीत उजव्या बाजूला बॅटरी असते, तिच्याखालचा पत्राही बघा. या गाडीला सीलबंद, वायू बाहेर सोडायच्या नळ्या असलेली छोटी बॅटरी लागते. कुणी स्वस्तात साधी बॅटरी बसवली की आम्लाची वाफ डिकीतच राहते आणि खालचा पत्रा खाते.

आता इंजिन. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नये. बॉनेटला हात लावून ते थंड आहे याची खात्री करा. सुरू केल्यावर वरून टकटक आली आणि चार-पाच मिनिटांत थांबली तर घाबरू नका. व्हॉल्व्हच्या हायड्रॉलिक टॅपेटमध्ये ऑइल भरेपर्यंत ती येते. ऑइल वेळेवर बदललेलं नसलं की जास्त वेळ राहते. गरम झाल्यावरही टिकली तर टॅपेट बदलायचा खर्च धरा. १९९१च्या गाडीतला ऑइल प्रेशरचा काटा खरा आहे (१९९५पासूनच्या गाड्यांत तो नुसता दिव्यासारखा चालू-बंद होतो). इंजिन गरम झाल्यावर रेसबरोबर काटा चढायला आणि रेस सोडल्यावर उतरायला हवा.

१९९१ या सालामुळे एक गोष्ट बघितल्याशिवाय तुम्ही पैसे देऊ नयेत. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं. १९९१च्या मध्याच्या सुमारास ते लांब आणि मजबूत केलं गेलं. तुमची गाडी कोणत्या बाजूची, हे कागदावरून नाही, पुलीवरून कळतं. इंजिनाच्या पुढच्या टोकाला, सगळ्यात खालच्या पुलीच्या मधल्या भागात खाचा असतात. चार खाचा म्हणजे आखूड टोक, आठ म्हणजे लांब. आखूड टोकात अडचण अशी होते की कधीतरी टायमिंग बेल्ट (क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) बदलताना तिथला मोठा बोल्ट कमी आवळला जातो किंवा जुनीच चावी (पुलीला शाफ्टवर जखडणारा धातूचा छोटा तुकडा) परत बसवली जाते. मग पुली शाफ्टवर केसभर हलत राहते, चावीची खाच रुंदावते, टायमिंग मागे सरकतं आणि गाडी हळूहळू दम टाकू लागते. इंजिन सुरू असताना, हात आणि बाह्या लांब ठेवून, आरशातून त्या बोल्टच्या डोक्याकडे बघा. ते जागच्या जागी फिरायला हवं. डोलत असेल तर क्रँकशाफ्टचं काम निघालंय, आणि तुम्हाला दुसरं इंजिन शोधावं लागेल. डोलत नसेल तर आखूड टोकाची गाडीही बिनधास्त घ्या. पुढे बेल्ट बदलताना बोल्ट आणि चावी दोन्ही नवे वापरा. आखूड टोकाला १०८ ते ११८ न्यूटन-मीटर आणि लांब टोकाला १५७ ते १६७, एवढंच टॉर्क पान्याने आवळा. अंदाजाने आवळण्याची ही जागा नाही.

इंजिनामागून, गिअरबॉक्सच्या जोडाजवळून ऑइल टपकताना दिसलं की विक्रेते आणि काही मेकॅनिकही क्रँकचं मागचं सील गेलं म्हणतात आणि गिअरबॉक्स उतरवायची भाषा सुरू होते. आधी सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला बोट फिरवा. तिथे क्रँक कोनाचा सेन्सर आहे आणि त्याची रबरी रिंग वयाने कडक होऊन गळते. ऑइल तिथून खाली ओघळतं आणि सीलचं वाटतं. रिंग काही पेन्सची आहे, काम तासाभराचं. सेन्सर काढण्याआधी त्याच्या बुडाशी आणि हेडवर मिळून एक रेघ मारून ठेवा, म्हणजे टायमिंग जवळपास जागेवर येईल. मग डायग्नोस्टिक पेटीतल्या टीईएन आणि जीएनडी या दोन खाचा तारेने जोडून, टायमिंग लाइटने १० अंशांवर पक्कं करा.

रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीचा रंग बघा. काळी असेल तर ठीक. शेवाळी-तपकिरी झाली असेल तर प्लॅस्टिक ठिसूळ झालंय, ते एक दिवस रस्त्यातच फुटेल.

भावाचं बोलू. फक्त बाहेरचा सिल गेला असेल आणि बाकी सगळं वर लिहिल्याप्रमाणे ठीक असेल, तर २,६०० पौंडांच्या आसपास बसवा. दोन्ही बाजूंचं वेल्डिंग आणि रंग मिळून १,३०० धरा, बेल्टचा संच आणि रेडिएटर ३००, ब्रेक ३५०, टप ३५०, चार टायर ३००. बेरीज ५,२०० होते, ८०० हातात राहतात. ते ८०० आजच खर्चून टाकू नका, जुन्या गाडीत ते लागतात. आतला सिल किंवा सीटबेल्टच्या खांबाचा पाया सडलेला असेल तर कोणत्याही भावाने घेऊ नका. दुसरी मिळेल. १,००० पौंड जास्त देऊन कोरड्या पत्र्याची गाडी घेणं या दोन्हींपेक्षा स्वस्त पडतं.

घेतलीत, तर पहिल्या दिवशी इंजिनाला हात लावायचा मोह आवरा. आधी पाण्याच्या नळ्या मोकळ्या करा. जाड नायलॉनची दोरी, गवत कापायच्या यंत्रातली, वरून हळूहळू खाली सरकवा आणि मागोमाग पाणी सोडा. टोकदार तार घालू नका, नळीला भोक पडतं. कंप्रेसरची हवाही नको, नळी जागेवरून निसटते आणि मग सगळं पाणी थेट आत जातं. गालिचे काढून घरात वाळत घाला. टपाच्या मागच्या कडेची पट्टी फाटलेली असेल तर टप आधी बदलावा लागेल, नाहीतर नवा सिलही त्याच वाटेने जाईल.

मग वेल्डिंग. हे काम या गाड्यांची सवय असलेल्या माणसाकडे द्या आणि आधीच विचारा की बाहेरचा पत्रा कापून आतला बघणार की वरूनच नवा चढवणार. वरून चढवणारा असेल तर राम राम. कापण्यापूर्वी गाडी समतल टेकलेली असावी आणि दाराच्या चौकटीत आधार दिलेला असावा, कारण सिल कापल्यावर अशी गाडी मध्यात खचते आणि नंतर दार लागत नाही. दाराच्या फटी आधी आणि नंतर मोजून फोटो काढा. एमओटीत सीटबेल्ट आणि सस्पेन्शन जिथे अडकवलेलं असतं तिथून ३० सेंटिमीटरच्या आतला पत्रा गंजाने कमकुवत झालेला असेल तर गाडी नापास होते, आणि तिथे लावलेला तुकडा सलग वेल्ड केलेला लागतो, टाके चालत नाहीत. काम झालं की सिलच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स फवारा. ते उबदार दिवशी करा, म्हणजे मेण पातळ होऊन सांध्यांत शिरतं. सिलच्या तळाची पाणी गळायची बारीक भोकं मेणाने बुजू देऊ नका.

इथून पुढचं तुमच्या हातचं आहे. जॅक सिलच्या कडेला कुठेही लावू नका. पुढे सस्पेन्शनच्या आडव्या तुळईखाली लावा, मागे डिफरेन्शियलखाली, आणि खाली शिरण्याआधी स्टँड. ब्रेक आधी करा. मागच्या कॅलिपरमध्येच (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) हँडब्रेकची यंत्रणा आहे आणि न वापरलेल्या गाडीत ती जाम होते. नवे पॅड घालताना पिस्टन शिकंज्याने दाबून आत ढकलू नका, आतली यंत्रणा मोडते. हँडब्रेक सोडा, कॅलिपरच्या मागे १४च्या पान्याचा एक बोल्ट आहे तो काढा. त्याच्या भोकात ४ मिलिमीटरची ॲलन चावी बसते. उलटी फिरवली की पिस्टन आत जातो. पॅड बसवून झाल्यावर, डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत चावी सुलट फिरवा, मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या. बोल्ट परत लावा, पेडल चार-पाच वेळा दाबा. हँडब्रेक लागत नाही म्हणून केबल ताणत बसणारे बहुतेक जण हे पहिलं पाऊल विसरलेले असतात.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं समजा. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडत नाहीत, ही मोठी सोय. तरी रस्त्यात अडकायचं कशाला? एकदा उघडलंत की पाण्याचा पंप, दोन्ही रोलर, क्रँकचं पुढचं सील आणि कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) सील एकाच दमात बदला. बसवताना दोन कॅम पुलींवरच्या आय आणि ई या खुणांमध्ये बेल्टचे बरोबर १९ दात यायला हवेत. पान्याने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवा आणि परत मोजा. अठरा किंवा वीस आले तर पुन्हा उघडा.

क्लचचा खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. रबरी टोपी सोलून बघा, ओली असेल तर नवा घाला. गिअर लीव्हरखालचं आतलं रबर बहुधा फाटलेलं असतं. पाय भाजावेत अशी गरम हवा तिथून वर येत असेल तर तेच. गिअरबॉक्सला २ लिटर ७५डब्ल्यू-९० ऑइल, जीएल-४ प्रतीचं. टायर १८५/६०, १४ इंची. कडेवरच्या चार आकड्यांतले शेवटचे दोन म्हणजे वर्ष. दहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, काढून टाका. सस्पेन्शनचे लांब बोल्ट मात्र मेपर्यंत छेडू नका. मागच्या चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचा बाहेरचा बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी अस्तराच्या) नळीत गंजून घट्ट बसतो आणि एका संध्याकाळच्या कामाचे दोन आठवडे करतो. पुढे कधी बुश बदललेत, तर शेवटचा आवळा गाडी चारही चाकांवर उभी असताना द्या. हवेत आवळलेला रबरी बुश गाडी खाली आली की पिळला जातो आणि लवकर फाटतो.

भाग मिळत राहतील का, ही शंका मनात असेल तर ऐका. माझदाने २०१७ साली जपानमध्ये याच पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी जीर्णोद्धाराची सेवा जाहीर केली. त्यासाठी बंद झालेले काही भाग पुन्हा काढले, अगदी ब्रिजस्टोनचे जुन्या नक्षीचे १४ इंची टायर आणि नार्डीचं लाकडी स्टिअरिंगसुद्धा. तीस वर्षं जुन्या, स्वस्तात विकलेल्या गाडीसाठी इतकं करणारे कारखाने फार नाहीत.

साताऱ्याचं मात्र मनातून काढा. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही. ही त्यात कुठेच बसत नाही.

आई-बाबांना घ्यायला हीथ्रोवर ही गाडी नेऊ नका. सीट दोनच, डिकीत स्टेपनी आणि बॅटरी, बॅगा कुठे ठेवणार? शिवाय हीथ्रो लंडनच्या यूएलईझेडमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर रोजचं शुल्क असलेल्या हद्दीत, येतं आणि इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला तिथे दिवसाचे साडेबारा पौंड पडतात. स्लाउ त्या हद्दीबाहेर आहे, म्हणून बाबांना पश्चिमेला, हेन्लीच्या बाजूला न्या. ऊन आहे आणि हवा उबदार आहे असा दिवस निवडा. टप उतरवताना आधी मागच्या प्लॅस्टिकच्या काचेची झिप सोडा, काच सपाट खाली पाडा, तिच्यावर मऊ पंचा अंथरा, आणि मगच पुढच्या काचेवरच्या दोन कड्या उघडा. झिप न सोडता टप दुमडला की काच मधोमध मोडते, आणि थंडीत तर हमखास.